लक्षण आणि स्थान : परसातील टर्कींच्या गिळण्याच्या व पचनाच्या विकारांच्या निदानाचा इतिहास

प्रस्तावना :

मानवी वैद्यकाच्या इतिहासावर मराठीत बरेच लेखन झाले आहे. पशुवैद्यकाचा, त्यातही परसातील पक्ष्यांच्या आजारांचा इतिहास मात्र अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेला दिसतो. वस्तुतः रोगाचे कारण, रोगाचा वाहक आणि रोगाचे नाव यांविषयीच्या कल्पना कशा बदलत गेल्या हे समजून घेण्यासाठी हे क्षेत्र अत्यंत उपयुक्त आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील टर्की पक्ष्याचे तीन विकार विचारात घेतले आहेत : ‘गेप्स’ अर्थात सतत चोच उघडण्याचा विकार, लोंबती अन्नपिशवी आणि ‘ब्लॅकहेड’ म्हणजे काळे डोके. तिन्ही विकारांची नावे पाळणाऱ्याला बाहेरून जे दिसले त्यावरून पडली आहेत, आणि तिन्ही बाबतींत त्या नावाने उपचाराची दिशा चुकवली. नावामागे न जाता मृत पक्ष्याचे शरीर उघडून पाहिले गेले आणि आजारी पक्ष्याशेजारच्या निरोगी पक्ष्याकडे लक्ष गेले, तेव्हाच या रोगांवर इलाज सापडला, हे दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे.

टर्कीचे डोके : एक फसवी खूण

टर्की हा मूळचा अमेरिका खंडातील पक्षी असून तो प्रथम मेक्सिकोच्या परिसरात माणसाळवला गेला. स्पॅनिश विजयानंतर सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला आणि पोर्तुगीजांच्या व्यापारामार्गे भारतात आला. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेल्या दुर्मीळ वस्तूंमध्ये हा पक्षी होता. बादशहा जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात त्याचे वर्णन केले आणि दरबारी चित्रकार मन्सूर याने त्याचे चित्र काढले. मन्सूरचे टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. या पक्ष्याच्या डोक्याचा व मानेचा रंग सारखा पालटतो, कधी तो लाल दिसतो, कधी पांढरा तर कधी निळसर, ही गोष्ट जहांगीराने बारकाईने नोंदवली आहे.

ही नोंद येथे केवळ कुतूहल म्हणून दिलेली नाही. टर्कीचे डोके व मान पिसांविना उघडी असते आणि त्वचेतील रक्तप्रवाह बदलला की तिचा रंगही बदलतो. उत्तेजना, भीती आणि आजार या सर्वांची छाया त्या उघड्या त्वचेवर उमटते. म्हणूनच डोक्याच्या रंगावरून रोग ओळखणे हा टर्कीच्या बाबतीत सर्वांत कच्चा पुरावा ठरतो. तरीही या पक्ष्याच्या सर्वांत घातक रोगाला पुढे डोक्याच्या रंगावरूनच नाव मिळाले.

उघडी चोच : घशाचा नव्हे, श्वासनलिकेचा रोग

मान ताणून वारंवार चोच उघडणारे पिल्लू पाहिले की त्याच्या घशात काही अडकले असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. बाल्टिमोर येथील वैद्य अँड्र्यू विसेन्थाल यांचे निरीक्षण १७९९ मध्ये प्रसिद्ध झाले. कोंबड्यांच्या व टर्कीच्या अशा पिल्लांच्या श्वासनलिकेत त्यांना लालसर कृमी आढळले होते. पिल्लू गिळण्यासाठी नव्हे तर श्वासासाठी धडपडत होते.

कारण कळले तरी उपचार मात्र लक्षणाभोवतीच फिरत राहिले. पिसाचा दांडा सोलून तो टर्पेंटाइनमध्ये बुडवायचा, श्वासनलिकेत फिरवायचा आणि कृमी ओढून काढायचे, ही एकोणिसाव्या शतकातील प्रचलित पद्धत होती. घोड्याच्या केसाचा पीळही यासाठी वापरीत. काही पक्षी त्यातून वाचत, तर काही त्या हाताळणीतच दगावत. वाचलेले पिल्लू पुन्हा त्याच अंगणात सोडले जाई. १८८६ मध्ये एच. डी. वॉकर यांनी या कृमीच्या प्रसारात गांडुळाचा वाटा दाखवून दिला आणि अंगणातील मातीकडे लक्ष वळले. गांडुळावाचूनही संसर्ग होऊ शकतो हे पुढे स्पष्ट झाले, तरी रोगाचा शोध पिल्लाच्या घशातून जमिनीत नेण्याचे श्रेय वॉकर यांना द्यावे लागते.

त्यापुढचे पाऊल बी. एच. रॅन्सम यांनी टाकले. अमेरिकेच्या कृषी विभागाने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रिकेत त्यांनी प्रौढ टर्की हाच या कृमीच्या प्रसारातील महत्त्वाचा घटक असल्याचे प्रतिपादन केले. प्रौढ टर्कीच्या श्वासनलिकेत कृमी असूनही तिला विशेष त्रास होत नाही. मात्र तिच्यापासून दूषित झालेल्या जमिनीवर कोंबडीची पिल्ले गुदमरतात. धट्टीकट्टी टर्की हीच शेजारच्या पिल्लांच्या आजाराचे मूळ होती.

लोंबती अन्नपिशवी : अतिखाण्याचा आरोप

पक्ष्याने गिळलेले अन्न प्रथम गळ्याच्या तळाशी असलेल्या अन्नपिशवीत साठते आणि तेथून थोडेथोडे पुढे जठरात सरकते. टर्कीमध्ये ही पिशवी कधीकधी ताणून इतकी लोंबते की पक्षी चालताना ती जमिनीला टेकू लागते. आतले अन्न व पाणी आंबून त्याला दुर्गंधी येते आणि पिशवी भरलेली असतानाच पक्षी उपासमारीने खंगत जातो. या स्थितीचा दोष पक्ष्याच्या हावरेपणावर ठेवण्याचा मोह सहज होतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील व्ही. एस. अस्मुंडसन आणि डब्ल्यू. आर. हिनशॉ यांनी १९३८ मध्ये या विकाराच्या आनुवंशिकतेवरील अभ्यास प्रसिद्ध केला. विकाराचा कल वंशपरंपरेने येतो आणि कडक उन्हात पक्षी फार पाणी पितो तेव्हा तो प्रकट होतो, असे चित्र त्यातून पुढे आले. साहजिकच पिशवी रिकामी करणे हा तात्पुरता आराम ठरला. सावली, थंड पाणी आणि विकारग्रस्त पक्षी पैदाशीतून वगळणे हा खरा इलाज ठरला. साचलेल्या अन्नात कँडिडा ही बुरशी वाढून पिशवीच्या आतल्या आवरणावर पांढरट थर धरते. तोही बाहेरून दिसत नाही, पिशवी उघडल्यावरच कळतो.

काळे डोके : यकृताचा आणि अंधांत्राचा रोग

वरील दोन विकारांनी पक्षी मेले, परंतु व्यवसाय बुडाला नाही. ‘ब्लॅकहेड’ने मात्र अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशातील टर्कीपालनाचा कणाच मोडला. र्‍होड आयलंडच्या कृषी प्रयोग केंद्रातील सॅम्युएल कुशमन यांनी १८९३ च्या सुमारास या रोगाची नोंद केली. पक्षी पंख पाडून, डोळे मिटून उभा राही, त्याचे खाणे सुटे, विष्ठा गंधकासारखी पिवळी होई आणि थोड्याच दिवसांत तो मरे. डोके प्रत्येक वेळी काळे पडेच असे नाही, तसेच इतर आजारांतही ते काळवंडे. तरीही शेतकऱ्यांच्या तोंडी तेच नाव रूढ झाले.

टेक्सास गुरेज्वराचा प्रसार गोचीड करते हे एफ. एल. किलबोर्न यांच्यासमवेत १८९३ मध्ये सिद्ध करणारे थिओबाल्ड स्मिथ यांनी र्‍होड आयलंडमधील रोगी टर्कींची तपासणी केली. अंधांत्रांच्या भिंती जाड झालेल्या आणि यकृतावर वर्तुळाकार, खोलगट डाग पडलेले त्यांना आढळले. १८९५ मध्ये त्यांनी या रोगाला ‘संसर्गजन्य आंत्र-यकृतदाह’ असे नाव दिले आणि एक एकपेशीय जीव त्यास कारणीभूत असल्याचे मांडले. लक्षणाच्या जागी स्थानाचे नाव आले. लोकांच्या बोलण्यात मात्र ‘ब्लॅकहेड’च टिकले.

स्मिथ यांचा निष्कर्ष लगेच सर्वमान्य झाला नाही. १९१० मध्ये र्‍होड आयलंड केंद्रातीलच लिऑन कोल व फिलिप हॅडली यांनी हा रोग म्हणजे कॉक्सिडिया या दुसऱ्या परजीवीचा प्रताप असल्याचे मत मांडले. हा वाद १९२० मध्ये निकाली निघण्याच्या मार्गावर आला. त्या वर्षी हार्वर्डचे अर्नेस्ट टायझर यांनी या जीवाचे नेमके स्वरूप ओळखून त्याला ‘हिस्टोमोनास मेलिअ‍ॅग्रिडिस’ हे नाव दिले. त्याच वर्षी ग्रेबिल आणि स्मिथ यांनी टर्कीच्या पिल्लांना ‘हेटेराकिस’ या अंधांत्रातील गोलकृमीची अंडी खाऊ घालून प्राणघातक रोग निर्माण करून दाखवला.

या प्रयोगाचा अर्थ दूरगामी होता. हिस्टोमोनास शरीराबाहेर उघडा पडला की लवकर मरतो, पण गोलकृमीच्या अंड्यात तो सुरक्षित राहतो आणि अशी अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात. हा गोलकृमी कोंबडीच्या अंधांत्रात सुखाने वाढतो आणि कोंबडीला हिस्टोमोनासची बाधा बहुधा सौम्यच होते. एकाच परसात कोंबड्या आणि टर्की एकत्र वाढवण्याची शेतकऱ्यांची जुनी रीतच टर्कीच्या मुळावर आली होती. अमेरिकेच्या जनगणनेनुसार १८९० मध्ये एक कोटीहून अधिक असलेली टर्कींची संख्या १९२० पर्यंत चाळीस लाखांच्या आत आली. या घसरणीस इतर कारणेही होती, परंतु या रोगाचा वाटा त्यात मोठा मानला जातो.

औषधांचा काळ आणि विस्मरण

कारण उमगल्यावर आलेला पहिला प्रभावी इलाज औषधाचा नव्हता, व्यवस्थेचा होता. अंडी यंत्रात उबवणे, पिल्ले कोंबडीखाली न वाढवणे, कोंबड्यांनी वापरलेल्या जमिनीवर टर्की न सोडणे आणि जाळीच्या तळावर पिल्ले ठेवणे, या उपायांनी टर्कीपालन पुन्हा उभे राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायट्रोइमिडाझोल गटातील डायमेट्रिडाझोल आणि आर्सेनिकयुक्त नायटार्सोन ही औषधे उपलब्ध झाली. खाद्यातूनच संरक्षण मिळू लागल्याने अलगीकरणाची शिस्त सैल पडली.

पुढे या औषधांचे अंश मांसात राहण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. अमेरिकेत डायमेट्रिडाझोलची मान्यता १९८७ मध्ये रद्द झाली. युरोपीय संघात या रोगावरील शेवटचे खाद्यपूरक औषध निफुरसोल २००३ मध्ये बंद झाले. अमेरिकेत २०१५ च्या अखेरीस नायटार्सोनही बाजारातून गेले. त्यानंतर तेथे या रोगावर मान्यताप्राप्त औषध उरले नाही. १९२० च्या दशकातील अलगीकरण आणि गोलकृमींचा बंदोबस्त हेच पुन्हा मुख्य आधार ठरले.

याच काळात जुन्या ज्ञानात मोलाची भरही पडली. एकदा कळपात रोग शिरला की तो गोलकृमीवाचून, पक्ष्याच्या गुदमार्गातून थेट एका टर्कीकडून दुसरीकडे पसरू शकतो, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले. त्यामुळे पहिला आजारी पक्षी दिसताच त्याला वेगळे करण्याचे महत्त्व अधोरेखित झाले.

समारोप :

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. गेप्स, लोंबती अन्नपिशवी आणि ब्लॅकहेड ही तिन्ही नावे लक्षणांची आहेत. त्यांची खरी स्थाने अनुक्रमे श्वासनलिका, अन्नपिशवीची कमकुवत भिंत, आणि अंधांत्रे व यकृत ही आहेत. ती शवविच्छेदनानेच स्पष्ट झाली.

२. गेप्समध्ये टर्की निरोगी दिसून कोंबडीच्या पिल्लांना रोग देते, तर ब्लॅकहेडमध्ये कोंबडी निरोगी दिसून टर्कीला रोग देते. एकाच परसातील दोन पक्षी परस्परांचे रोगवाहक ठरतात, हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

३. औषधाने व्यवस्थेची जागा घेतली तेव्हा व्यवस्थेचे ज्ञान मागे पडले आणि औषध गेल्यावर त्याच ज्ञानाकडे परतावे लागले.

या इतिहासाचे महत्त्व अमेरिकेपुरते मर्यादित नाही. महाराष्ट्रात ज्या परसात गावठी कोंबड्यांसोबत टर्की ठेवली जाते, तेथे र्‍होड आयलंडच्या शेतकऱ्यांचीच परिस्थिती पुन्हा निर्माण होते. पिवळी विष्ठा दिसताच तो पक्षी वेगळा करणे, टर्कीसाठी स्वतंत्र व कोरडी जागा राखणे, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कोंबड्यांनाही जंतनाशक देणे आणि मेलेला पक्षी पुरून न टाकता तपासणीसाठी नेणे, हे उपाय अल्पखर्चिक आहेत. त्यांतील शेवटचा उपाय सर्वाधिक टाळला जातो. विसेन्थाल यांच्यापासून स्मिथ यांच्यापर्यंतच्या संशोधनाचा प्रारंभ मात्र त्याच कृतीतून झाला होता.