टेंभा, डिपर आणि काजवे

‘टेंभा मिरवणे’ हा वाक्प्रचार मराठीत आजही जिवंत आहे. टेंभा मात्र व्यवहारातून केव्हाच नाहीसा झाला. चिंध्या गुंडाळून, तेलात भिजवून पेटवलेली ही मशाल पालखीपुढे किंवा मिरवणुकीपुढे धरली जाई. तिच्या उजेडात वाट दिसे हे खरे. पण वाक्प्रचारात उरला तो वाट दाखवणारा टेंभा नव्हे, तर धरणाऱ्याचा तोरा दाखवणारा टेंभा. ‘डोळे दिपणे’ या शब्दप्रयोगाचेही असेच आहे. त्यात कौतुक आहे आणि क्षणभराचे आंधळेपणही आहे. मोटारीच्या पुढच्या दिव्यांचा इतिहास पाहू लागल्यावर या दोन शब्दप्रयोगांची आठवण वारंवार येते.

वाहनाच्या दिव्याचे काम मुळात दोन प्रकारचे आहे : स्वतःला वाट दिसणे आणि इतरांना आपण दिसणे. बैलगाडीच्या आसाखाली टांगलेला कंदील मुख्यतः दुसरे काम करीत असे. बैलांना वाट ठाऊक असे, गाडीवानाची नजर अंधाराला सरावलेली असे. कंदील होता तो समोरून किंवा मागून येणाऱ्यासाठी. मोटार आली आणि हे गणित बदलले. बैलाच्या चालीने जाणाऱ्याला चार हात पुढचे दिसले तरी भागते. तासाला तीस-चाळीस मैल धावणाऱ्याला शंभर-दोनशे फुटांपलीकडचे दिसावे लागते. वेग वाढला की उजेड वाढवावा लागतो, हे या इतिहासाचे पहिले सूत्र.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडून ॲसिटिलीन वायू तयार होई व तो पेटवला जाई. १९१२ साली कॅडिलॅक कंपनीने विजेवर चालणारा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्रच आणले आणि थोड्याच वर्षांत वायूचे दिवे मागे पडले. मात्र विजेचा दिवा आला तसा समोरच्याचे डोळे दिपण्याचा प्रश्नही आला. त्यावर १९२०च्या दशकात दोन तारांचा बल्ब प्रचारात आला : एक तार लांबच्या झोतासाठी, दुसरी खाली वळवलेल्या झोतासाठी. हाच आपला ‘अपर-डिपर’. फ्रान्सने तर १९३०च्या दशकापासून १९९३पर्यंत मोटारींना पिवळ्या दिव्यांची सक्ती केली होती. उजेड वाढला की त्याला आवर घालणारी युक्तीही शोधावी लागते, हे दुसरे सूत्र.

ही दोन्ही सूत्रे आपल्याकडच्या रस्त्यांवरही दिसतात. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. पुढच्या काही दशकांत एसटी घाट ओलांडून आडगावांपर्यंत पोचली आणि मुक्कामाच्या गाडीचा झोत वळणावर दिसणे ही गावाची घड्याळाची खूण झाली. १९७१च्या युद्धात ब्लॅकआउटच्या काळात मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला जाई. युद्ध संपल्यावरही दिव्याच्या काचेवर काळा ठिपका किंवा पट्टा ठेवण्याची रीत पुष्कळ वर्षे टिकली. ट्रकच्या पाठीवर रंगवलेले ‘यूज डिपर ॲट नाइट’ हे वाक्य तर अनेकांनी वाचलेले पहिले इंग्रजी असेल. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आपला उजेड क्षणभर खाली घ्यावा, एवढीच त्यातली मागणी होती.

हॅलोजन बल्ब युरोपात १९६०च्या दशकात मोटारीत आला, आणि १९७१मध्ये एकाच बल्बात दोन तारा असलेला ‘एच-फोर’ आला. त्याच्या रचनेत एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ती तारेचा खाली जाणारा प्रकाश अडवते. त्यामुळे परावर्तकाचा फक्त वरचा भाग उजळतो आणि झोत रस्त्यावर खाली पडतो. संयम असा बल्बाच्या पोटातच बसवलेला आहे. पुढे १९९१मध्ये झेनॉनचा दिवा आणि २००७च्या सुमारास एलईडीचा पुढचा दिवा आलिशान मोटारींत आला. त्यांच्यासाठी भिंग, पडदा व झोताची पातळी राखणारी व्यवस्था अशी सारी मांडणी कंपन्यांनी नव्याने केली.

अडचण सुरू होते ती इथून पुढे. सुट्या भागांच्या दुकानात आज झेनॉन वा एलईडीचा नुसता बल्ब मिळतो आणि तो जुन्या हॅलोजनच्या घरात बसवला जातो. हॅलोजनचा बल्ब साधारण हजार ते दीड हजार ल्युमेन प्रकाश देतो. झेनॉनचा तीन हजारांच्या आसपास. परंतु प्रकाश नेमका कोठून निघतो ती जागा जराशी जरी बदलली, तरी परावर्तकाची भूमिती बिघडते आणि झोत वर, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत दिवा खाली वळवलेला असावा असे सांगताना ८ मीटर अंतरावरचा, जमिनीपासून दीड मीटर उंचीवरचा डोळा गृहीत धरला आहे. ही उंची साधारणपणे उभ्या माणसाच्या नजरेची आहे. कायद्याच्या रुक्ष भाषेत पायी चालणारा माणूस असा अचानक भेटतो.

अकोले तालुक्यात हा माणूस कल्पनेतला नाही. संगमनेरहून अकोले, राजूर करीत घोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या रात्री चालतात. कित्येकींच्या मागे दिवा नसतो. त्यांना पाहण्यासाठी प्रखर दिवा हवा, असे मोटारवाला म्हणतो आणि त्यात तथ्य आहे. पण समोरच्या झोताने दिपलेल्या चालकाला तीच गाडी काही क्षण दिसत नाही, हेही तितकेच खरे. पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या बाजूला धुके उतरले की वाढीव उजेड धुक्याच्या थेंबांवरून परत फिरतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे प्रखरतेपेक्षा खाली पडणारा झोत उपयोगी पडतो.

याच तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस स्थिरावण्यापूर्वी, घाटघर, रतनवाडी, साम्रद या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर लाखो काजवे चमकतात. काजव्याचा उजेड वाट पाहण्यासाठी नसतो. नर आपली ओळख देतो, मादी उत्तर देते. ती एक भाषा आहे. ती ‘वाचायला’ येणाऱ्या मोटारींच्या रांगांचे झोत झाडांवर पडले, की या संभाषणाचा धागा तुटतो आणि पुढच्या पिढीच्या काजव्यांवर त्याचा परिणाम होतो. म्हणूनच दिवे व फ्लॅश टाळा, अशा सूचना पर्यटकांना द्याव्या लागतात.

दिवा हा आपल्या संस्कृतीत ज्ञानाचे प्रतीक आहे, आणि अधिक उजेड म्हणजे अधिक प्रगती हे समीकरण आपण सहसा तपासत नाही. मोटारीच्या दिव्याचा शंभर वर्षांचा इतिहास मात्र निराळे सांगतो. प्रत्येक टप्प्यावर उजेडाबरोबर त्याचा आवरही घडवला गेला : दुसरी तार, पिवळी काच, काळा ठिपका, धातूची वाटी. आज बाजारात विकला जातो तो उजेड तेवढा. आवर सोबत येत नाही. बल्ब बदलायचाच असेल तर दिव्याची सगळी मांडणी बदलावी, झोताची पातळी जुळवून घ्यावी, नाहीतर चांगल्या प्रतीच्या हॅलोजनवर, स्वच्छ काचेवर आणि नीट जोडलेल्या तारांवर समाधान मानावे. एवढे केले नाही, तर आपण रस्त्यावर दिवा नव्हे, टेंभाच घेऊन निघालो आहोत.