रायपूरचे शिधादुकान

छत्तीसगडास ‘धान का कटोरा’ म्हणतात. बदलीवर रायपुरास आलो तेव्हा आम्हांस नवल वाटले ते हे की, भाताच्या या कोठारातही मजुराची चूल शिधादुकानाच्या दारावर अवलंबून असावी.

शिधावाटप हे महायुद्धाचे अपत्य. मुंबईत ते १९४३ साली सुरू झाले. १९४७च्या डिसेंबरात देशातील नियंत्रणे उठू लागली. १९४८ साली ती परत आली. तेव्हापासून एक दोष चालत आला : शिधापत्रिका एकाच दुकानास बांधलेली. ते बंद असले की रोजंदारीच्या माणसाचा खाडा होई आणि पिशवीही रिकामीच राही. तथापि सारा दोष दुकानदाराचा नव्हे. छत्तीसगडात त्यास क्विंटलमागे आठ रुपये कमिशन मिळे. त्यात भाडे, हमाली आणि तूट भागेना. मग धान्यास मागील दार सापडे.

२००४ साली राज्य शासनाने खासगी व्यापाऱ्यांकडून ही दुकाने काढून पंचायती, सहकारी संस्था व महिला बचत गट यांच्याकडे सोपविली. कमिशनही वाढवून पस्तीस रुपये केले. पुढे २०१२ साली रायपुरात शहरातील कोणत्याही शिधादुकानातून धान्य उचलण्याची मुभा मिळाली. माप खोटे दिसले की मजूर पुढच्या दुकानाकडे वळू शकला, आणि त्याच्यामागे कमिशनही गेले.

फायली लिहिणाऱ्या आम्हां-तुम्हांस यात बोध आहे. हुकूम पुष्कळ निघाले. परंतु तराजू सरळ होऊ लागला तो दुकानदाराचा खर्च भागल्यावर आणि गिऱ्हाइकाचे पाय मोकळे झाल्यावरच.