गुत्त्यावरचं पोर आणि कायदा

दारूबंदीचा इतिहास सांगताना पिणाऱ्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. गिलास विसळणाऱ्या, बाटली आणून देणाऱ्या पोराबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आम्ही गिरणीत राबलेली माणसं, म्हणून हा इतिहास आम्ही पोराच्या वयापासून मांडतो.

1881 च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायला बंदी केली. म्हणजे आठ वर्षांच्या पोराला गिरणीचा दरवाजा उघडाच! 1891 साली हे वय नऊ झालं, 1922 साली बारा आणि 1948 च्या कायद्याने चौदा. सातावरून चौदावर यायला सदुसष्ट वर्षे लागली. पुढे संविधानाच्या कलम 24 ने चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामातून सोडवलं. कलम 47 ने दारूबंदीचा प्रयत्न सरकारच्या कर्तव्यात घातला. पण हॉटेलातलं पोर दोन्हींच्या मधे राहून गेलं. हॉटेल आणि ढाब्यावर चौदा वर्षांखालच्या मुलाला ठेवायला बंदी आली ती थेट 10 ऑक्टोबर 2006 पासून.

दारूच्या कायद्याची नजर मुख्यतः पिणाऱ्यावर. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा. पुढे बंदी सैल झाली, तरी महाराष्ट्रात दारू प्यायला पंचवीस वर्षे पुरी लागतात, सौम्य बियरला एकवीस. मुलांसाठीच्या 2000 च्या कायद्यात सार्वजनिक जागी मुलाला दारू देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होती. मुलाकडून दारू वाहून नेण्याचं काय?

हा प्रश्न नुसता आपल्याकडचा नव्हे. इंग्लंडात बापासाठी पोरं गुत्त्यावरून बियर आणत. 1901 साली तिथे कायदा झाला, की चौदा वर्षांखालच्या मुलाच्या हाती दारू द्यायची तर बूच मारून, सील करूनच. पोराने वाटेत घोट घेऊ नये एवढीच काळजी, फेरा काही चुकला नाही.

आपल्याकडे तो फेरा अडवला 2015 च्या बाल न्याय कायद्याने. 15 जानेवारी 2016 पासून तो लागू आहे. त्याच्या कलम 78 प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू विकायला, पुरवायला, वाहून न्यायला लावलं, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. नीट वाचा, ‘वाहून न्यायला’. मालकाचं नाव त्यात नाही, बापाला सूट नाही. घरचाच धंदा असला तरी सूट नाही.

आपली पाली मुंबई-गोवा महामार्गावरची. या रस्त्याच्या हॉटेलात सोळा वर्षांचं पोर चहा देऊ शकतं, पण त्याच हाताने बाटली टेबलावर ठेवायला लावली की लावणारा गुन्हेगार. तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत मद्याचा व्यापार आहे, हे आपण वंदनेला बसणारी माणसं जाणतोच. तरी संध्याकाळी वाडीतलं पोर वीस-तीस रुपये जास्तीचे घेऊन चपटी आणायला धावतं. त्याला पाठवणारा, बहुतेक वेळा, घरातलाच असतो.