शालेय सेवकांची पात्रता-प्रमाणपत्रे, महाराष्ट्रातील

शाळेतील शिक्षकास वा शिक्षकेतर सेवकास नेमण्यापूर्वी ज्या परीक्षेचा, प्रशिक्षणाचा वा पडताळणीचा दाखला शासन आवश्यक मानते, त्यास पात्रता-प्रमाणपत्र म्हणता येईल. त्याविषयीचे नियम बदलण्याचा खर्च अंदाजपत्रकात एका शीर्षाखाली आढळत नाही. अनुदान, रिक्त पदे, न्यायालयीन दावे आणि उमेदवारांनी स्वतः सोसलेला भुर्दंड यांत तो विखुरलेला असतो. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग शहरांच्या इतिहासात त्याची अनेक रूपे दिसतात.

वुडच्या खलित्याने (१८५४) शिक्षक-प्रशिक्षणाची आवश्यकता मान्य केली, तरी मुंबई इलाख्यात व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेला अप्रशिक्षित शिक्षकच दीर्घकाळ प्राथमिक शाळांचा आधार होता. सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ पर्यंत याच इलाख्यात असल्याने तेथील जुन्या शिक्षकांचे दाखले मुंबईच्याच शिक्षणखात्याच्या नियमांनुसार दिलेले होते. त्यानंतरचे मात्र निराळ्या प्रांताचे ठरले. फाळणीनंतर कल्याणजवळील लष्करी छावण्यांत निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. येथील सिंधी शाळांपुढे दाखल्यांइतकाच भाषेचाही प्रश्न होता. सिंधी अरबी लिपीत शिकवावी की देवनागरीत, हा वाद प्रारंभीच उद्‌भवला आणि दोन्ही लिप्या चालू राहिल्या. पुढे पालकांचा ओढा हिंदी व इंग्रजी माध्यमांकडे वळला. शिक्षकाचे प्रमाणपत्र एका माध्यमाशी बांधलेले असते. विद्यार्थी मात्र तसा बांधलेला नसतो. त्यामुळे एका माध्यमात ‘अतिरिक्त’ ठरलेला शिक्षक दुसऱ्या माध्यमातील रिक्त जागी सहज बसविता येत नाही.

शाळांचे स्वामित्वही येथे एकसारखे नाही. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ व जिल्हा परिषद अधिनियम, १९६१ यांमुळे नगरपालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळा असे भेद रुळले. खाजगी शाळांतील सेवकांसाठी १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम झाला व त्याखालील १९८१ च्या नियमावलीत पात्रता अनुसूचीरूपाने निश्चित झाल्या. अंबरनाथच्या आयुधनिर्माणी वसाहतीतील केंद्रीय विद्यालयाचे नियम वेगळेच, म्हणजे दिल्लीचे. एकाच गावातील दोन शिक्षकांना निरनिराळे दाखले लागावेत, हा प्रकार त्यामुळे येथे नवा नाही.

पात्रता ठरविण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे (अधिनियम १९९३) गेला, तेव्हा खर्चाचे गणित मुळातच पालटले. महाविद्यालयांना मान्यता परिषदेने द्यावयाची आणि शिक्षकांचे पगार व अनुदान राज्याने, अशी ही विभागणी होती. राज्यातील शिक्षकांची गरज पाहून परवानगी नाकारण्याचा प्रयत्न महाराष्ट्र शासनाने केला. परंतु संत ज्ञानेश्वर शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये परिषदेचा निर्णयच निर्णायक ठरविला. डी.एड. महाविद्यालये भराभर वाढली. नोकऱ्या मात्र त्या प्रमाणात निघाल्या नाहीत, व ज्या निघाल्या त्या २००० पासून ‘शिक्षण सेवक’ या नावाने तीन वर्षे अल्प मानधनावर. त्या पदविकेसाठी शेतकरी व कामगार कुटुंबांनी केलेला खर्च कोणत्याही शासकीय हिशेबात नाही. प्रस्तुत विषयातील सर्वांत मोठी रक्कम बहुधा तीच असावी.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या आधारे परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आवश्यक ठरविली. महाराष्ट्राने १३ फेब्रुवारी २०१३ च्या निर्णयाने ती लागू केली व पहिली परीक्षा १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. उत्तीर्णांचे प्रमाण बहुतेक वेळा शेकडा ५ च्या आसपास वा त्याहून कमी राहिले. प्रमाणपत्राची मुदत आरंभी सात वर्षे होती. २०२१ मध्ये ते तहहयात झाले, तेही पूर्वलक्षी प्रभावाने. दरम्यान, मुदत सरल्याने पुन्हा परीक्षेस बसलेल्यांचे शुल्क व श्रम मात्र वाया गेले. दाखला दुर्मिळ झाला की त्याचा बाजार उभा राहतो. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी उघड केलेल्या गैरव्यवहारात परीक्षा परिषदेच्या तत्कालीन प्रमुखास अटक झाली आणि २०२२ मध्ये ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई करण्यात आली.

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी ‘अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या प्रकरणी दिलेल्या निकालाने हा प्रश्न जुन्या शिक्षकांपर्यंत नेला. निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी. त्याहून कमी अवधी उरलेल्यांनी सेवेत राहावे, परंतु पदोन्नती मिळणार नाही, असा त्याचा आशय आहे. अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. उल्हासनगरसारख्या भाषिक अल्पसंख्याकांच्या नगरात त्याचे महत्त्व उघड आहे.

शिक्षकाच्या दाखल्यांवर इतकी शाई खर्च होत असता शिक्षकेतर सेवकांकडे दुर्लक्ष झाले. ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने अनुदानित खाजगी शाळांतील चतुर्थ श्रेणीच्या पदांऐवजी ठोक ‘शिपाई भत्ता’ देण्याचे ठरले. वेतनखर्च वाचला, पण कायम सेवकाची जागा कंत्राटी माणसाने घेण्याचा मार्गही त्यामुळे रुंद झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका खाजगी शाळेतील दोन बालिकांवर कंत्राटी सफाई कामगाराने लैंगिक अत्याचार केल्याची फिर्याद नोंदली गेली. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात लोहमार्ग रोखून धरला व उपनगरी वाहतूक कित्येक तास ठप्प झाली. दुसऱ्याच दिवशी शासनाने सर्व शाळांसाठी सीसीटीव्ही व सेवकांची पोलिसांमार्फत चारित्र्य-पडताळणी यांविषयी आदेश काढला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सुरक्षा-उपायांसाठी निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव व शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमण्यात आली. पडताळणीच्या कामाचा भार स्थानिक पोलिस ठाण्यांवर आणि सीसीटीव्हीचा खर्च शाळांवर पडला.