बालन्याय-प्रशिक्षण, वऱ्हाडातील

विधिसंघर्षग्रस्त बालकांशी संबंध येणारे दंडाधिकारी, परिवीक्षा अधिकारी, पोलीस व निरीक्षणगृहांतील सेवक यांना दिले जाणारे व्यावसायिक शिक्षण. वऱ्हाडात (अमरावती, अकोला इ.) ते कायद्याच्या मागेच राहिले. मध्य प्रांताचा मुलांचा कायदा १९२८ चा. तथापि वऱ्हाडावर निजामाचे नाममात्र स्वामित्व असल्याने प्रांतिक कायदे तेथे स्वतंत्र आदेशाने लागू करावे लागत. मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाचे समाजकार्य विद्यालय १९३६ मध्ये निघाले (१९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था). वऱ्हाड १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले.

२०१५ च्या बालन्याय अधिनियमान्वये बालन्याय मंडळाच्या सर्व सदस्यांना, प्रमुख दंडाधिकाऱ्यांसह, नियुक्तीपासून साठ दिवसांत प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. मंडळाचा निर्णय बव्हंशी परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक अन्वेषण अहवालावर अवलंबतो. मुलाचे घर, शाळा, सोबती, कुटुंबाची मिळकत ही माहिती कचेरीत बसून मिळत नाही. मेळघाटातील कोरकू बालकाचा जबाब दुभाष्यामार्फत घेतला, तर लाज, भीती व खोटेपणा यांतील भेद हरवतो. म्हणून येथील प्रशिक्षणात कायद्याच्या कलमांइतकेच कोरकू भाषेला स्थान हवे. सोळा वर्षांवरील बालकावर घोर अपराधाचा आरोप असल्यास हे अज्ञान अधिकच महाग पडते, कारण त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालावा काय, हे प्राथमिक मूल्यमापनावरून ठरते. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल, तर अशा मूल्यमापनात तज्ज्ञाचे साहाय्य घेणे अनिवार्य होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरविले.