घासाचा हिशेब



आपल्या गटात कुणी ना कुणी जेवणाआधी इन्सुलिन घेतं. रोजचा प्रश्न एकच: आत्ता किती युनिट?

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण इन्सुलिनच नव्हतं. लेकराला मधुमेह झाला की डॉक्टर त्याला जवळजवळ उपाशी ठेवत. तेवढ्यानं मरण थोडं लांबे, एवढंच. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी जनावराच्या स्वादुपिंडातून अर्क काढला, कॉलिप यांनी तो शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तो टोचला. मुलगा तगला.

पण नवा पेच आला. सुई कमी पडली तर साखर चढे, जास्त झाली तर माणूस बेशुद्ध पडे. लंडनचे डॉक्टर लॉरेन्स स्वतः मधुमेही. मरणाची वाट पाहत ते इटलीत राहिले होते. १९२३ मध्ये इन्सुलिनमुळे वाचले. मग त्यांनी जेवणाचे भाग पाडले: 'काळा' भाग म्हणजे १० ग्रॅम कर्बोदकं, 'लाल' भाग म्हणजे प्रथिनं आणि चरबी. ठरल्या सुईला ठरलेले भाग. म्हणजे जेवण सुईच्या मागे चाले, भूक असो वा नसो.

साखर तपासायला लघवी निळ्या द्रावणात उकळावी लागे. विटकरी रंग आला की साखर फार. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बोटातल्या थेंबावर घरी तपासणं सुरू झालं. मग जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या डॉक्टरांनी रुग्णांना उलटा हिशेब शिकवला: आधी ताट बघा, मग सुई ठरवा.

समजा, डॉक्टरांनी १५ ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट सांगितलं. ताटात ६० ग्रॅम असतील, तर ४ युनिट. जेवणाआधीची साखर बघून त्यात कमीजास्त. हे प्रमाण प्रत्येकीचं वेगळं असतं, शेजारणीचं आपल्याला चालत नाही.

आणि भाकरी? तुमची पातळ, माझी जाड. म्हणून एकदा घरची भाकरी वजन करून डॉक्टरांना दाखवा. उपवासाची साबुदाणा खिचडीही हिशेबात धरा, त्यात पिष्ट भरपूर असतं. सुई घेऊन जेवण टाळू नका. घाम सुटला, हात थरथरले, तर लगेच साखरपाणी प्या. आणि मनानं इन्सुलिन बंद करू नका.

ज्या मुलांना उपाशी ठेवत, तशी मुलं आज पोटभर जेवतात, ती या हिशेबामुळे. तो आपल्यालाही जमेल.