इटास्का सरोवर : एका उगमाचा इतिहास

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील इटास्का सरोवराकाठी तंबू ठोकून राहणारा प्रवासी सकाळी प्रथम जातो तो मिसिसिपी नदीच्या उगमाकडे. सरोवरातून बाहेर पडणारा प्रवाह तेथे दगडांच्या रांगेवरून ओलांडता येतो. हे स्थळ निसर्गाने असेच ठेवले आहे, हा त्याचा समज मात्र तपासून पाहण्याजोगा आहे.

१८३२ मध्ये हेन्री स्कूलक्राफ्ट येथे पोहोचला, तो ओझाविंडिब या ओजिब्वे वाटाड्याच्या मागोमाग. म्हणजे ज्यास 'शोध' म्हटले गेले, ते स्थानिकांस पूर्वीच ठाऊक होते. सरोवरास ओजिब्वे भाषेत एल्क हरणावरून पडलेले नावही होते. स्कूलक्राफ्टने 'सत्य' व 'शीर्ष' या अर्थांच्या 'व्हेरिटास' आणि 'कापुट' या लॅटिन शब्दांची टोके छाटून 'इटास्का' हे नाव घडविले. ही संधी कोणत्याही व्याकरणात बसणारी नव्हे. तरीही ती नकाशावर टिकली.

१८८१ मध्ये विलर्ड ग्लेझियर याने दक्षिणेकडील एल्क सरोवर हाच खरा उगम असल्याचा दावा केला. त्या वादातून जेकब ब्रॉवर याने १८८९ मध्ये या खोऱ्याची पाहणी केली, आणि तेथील पाइन वृक्ष तोडीच्या वाटेवर असल्याचे पाहून संरक्षणाची मागणी लावून धरली. १८९१ मध्ये उद्यानाचा कायदा झाला. पण कायदा झाला म्हणजे जमीन हाती आली असे नव्हे. बरीच जमीन खासगी मालकीची होती आणि उद्यानाच्या हद्दीत वृक्षतोड पुढे कित्येक वर्षे चालूच राहिली. १९०३ मध्ये, वडिलांच्या मृत्यूनंतर उद्यानाचा कारभार पाहणारी तरुण मेरी गिब्ज हिने ओंडके वाहून नेण्यासाठी घातलेल्या बंधाऱ्यास विरोध केला. पाणी चढून काठची झाडे बुडत होती. धाकदपटशास ती बधली नाही. तिच्या पदाचा काळ अवघ्या काही महिन्यांचा असला, तरी उद्यानाच्या इतिहासात ब्रॉवरच्या खालोखाल तिचे नाव घ्यावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उगमाचे आजचे रूप त्याहून अलीकडचे. मूळचा प्रवाह दलदलीचा व झुडपांनी भरलेला होता. प्रवाशांच्या डोळ्यांस तो रुचेना, म्हणून १९३० नंतरच्या दशकात सरकारी कामगार दलाकडून दलदल बुजविण्यात आली, प्रवाहास नवे पात्र खणून दिले गेले आणि दगड रचले गेले. प्रवासी ज्यांवर पाय ठेवून छायाचित्र काढून घेतात, ते हेच दगड.